जुन्या स्टुडिओच्या निगेटिव्ह: शोधायच्या कुठे, जपायच्या कशा

(ही चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दप्तरी
स्थानिक फोटोग्राफरचा संग्रह वाचवायचा विषय निघाला की चर्चा लगेच स्कॅनरच्या मॉडेलवर जाते. त्याआधीची दोन कामं, शोध आणि नोंद, यावर फारसं कुणी लिहीत नाही. मी तेवढ्यापुरतं लिहितो. काच, फिल्म, स्कॅनिंग आणि हक्क या बाजू जाणकारांनी भरून काढाव्यात.

शोध फोटोच्या पाठीमागून सुरू करा. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या फोटोंच्या मागे स्टुडिओचं नाव, पत्ता, 'निगेटिव्ह जपून ठेवली आहे, नकल केव्हाही मिळेल' अशा अर्थाची छापील ओळ आणि बऱ्याचदा शाईनं घातलेला एक नंबर असतो. तो नंबर स्टुडिओच्या रजिस्टरातला. एकाच स्टुडिओचे वेगवेगळ्या घरांतले वीस-पंचवीस फोटो मिळवा. पत्ता, शिक्क्याचा नमुना, नंबर आणि (कुणी मागे तारीख टाकली असेल तर) तारीख असा तक्ता मांडा. दुकान कधी हललं, भागीदार कधी आला नि गेला, नंबर पुन्हा एकपासून कधी सुरू झाले, हे त्यातून दिसू लागतं. मग त्या वर्षांच्या डिरेक्टऱ्या आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळायच्या.

वारसांकडे काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. नकलांच्या ऑर्डरी हे स्टुडिओचं उत्पन्न असायचं, त्यामुळे धंदा विकताना निगेटिव्हही बहुधा नव्या मालकाकडे जात. पुढच्या मालकाची, त्याच्याही पुढच्या मालकाची साखळी काढावी लागते. आणि मित्रमंडळींकडे विचारा. पॅरिसचा फोटोग्राफर ऑजेन आत्जे १९२७ मध्ये वारला तेव्हा त्याच्याकडे उरलेल्या प्लेटा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, त्याच्या एका मित्राकडे गेल्या. बेरेनिस अॅबट या फोटोग्राफर बाईनं त्या शोधून विकत घेतल्या म्हणून राहिल्या.

दुसरी जागा सरकारी दप्तर. शहराची जुनी वस्ती पाडण्याआधी फोटो काढून घेण्याचं काम पालिका नि सुधार मंडळं स्थानिक फोटोग्राफरला देत. पॅरिसमध्ये चार्ल्स मार्व्हिलला, ग्लासगोत १८६८ ते १८७१ या काळात टॉमस अॅननला असंच काम मिळालं होतं. असे फोटो 'छायाचित्रे' या नावाच्या फाइलीत क्वचितच सापडतात. रस्तारुंदी, भूसंपादन, पूल, गटारं, पूर, नुकसानभरपाई या विषयांच्या फाइलींना ते टाचलेले असतात. कोर्टातले पुरावे, शाळांचे वार्षिक अहवाल, गिरण्या-कारखान्यांचे अल्बम, पिक्चर पोस्टकार्डं हीही ठिकाणं तशीच.

माल सापडला की सर्वांत आधी, काहीही न हलवता, जागेचेच फोटो काढा. प्रत्येक फडताळ, प्रत्येक खण, प्रत्येक खोक्याची कड. खोक्यांना पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावा: फडताळ ३, खण २, डावीकडून पाचवा. रिकामी खोकीही घ्या, कारण झाकणांवर फोटोग्राफरच्या हातची अक्षरं असतात. आकार जुळतो म्हणून दोन खोकी एकत्र करू नका. आणि रजिस्टरं, पावतीपुस्तकं, डायऱ्या आधी ताब्यात घ्या. रद्दी म्हणून पहिल्यांदा तीच जातात. हजार प्लेटा आणि रजिस्टर यांतलं एकच वाचवायची वेळ आली तर निर्णय अवघड आहे, इतकी त्या वहीची किंमत आहे.

काचघर
दप्तरींनी उत्तम सुरुवात केली आहे. मी काचेचं लिहितो.

आधी प्लेट कोणती ते ओळखा. इंग्रज फोटोग्राफर आर्चरची ओली कोलोडियन पद्धत १८५१ ची. तिच्यात फोटोग्राफर स्वतः काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, त्यामुळे प्रतिमेचा थर कडांपर्यंत सारखा नसतो, एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा मोकळी राहते, काचेच्या कडा हातानं कापलेल्या असतात आणि परावर्तित प्रकाशात प्रतिमा दुधाळ-तपकिरी दिसते. वरून व्हार्निश असतं. जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं १८७१ मध्ये मांडली आणि १८८० च्या आगेमागे कारखान्यात तयार झालेल्या प्लेटा बाजारात रुळल्या. या एकसारख्या पातळ, थर कडेपर्यंत गुळगुळीत, प्रतिमा काळी. जुन्या झाल्या की कडांना निळसर चांदीची झाक येते. स्थानिक स्टुडिओत सापडणारा बहुतेक माल याच प्रकारचा असतो.

धरायची ती दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या कडांवर, नायट्राइलचे हातमोजे घालून. सुती मोज्यात काच सटकते आणि उचकटलेल्या थरात धागा अडकतो. टेबलावर आधी जाड ब्लॉटिंग पेपर किंवा फोम पसरा. एकाला एक लागून ठेवलेल्या प्लेटा सरकवून वेगळ्या करू नका. सरळ वर उचलायच्या. चिकटल्या असतील तर तशाच बाजूला ठेवा.

साफसफाईचा मोह आवरा. जिलेटिनच्या बाजूला फक्त हवेचा रबरी फुगा आणि अगदी मऊ ब्रश, मधून बाहेर असा. पाणी नाही, तोंडानं फुंकर तर नाहीच. काचेच्या बाजूला डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ कापड चालतं, पण कडेपासून अर्धा सेंटिमीटर लांब राहायचं, कारण पाणी कडेवरून पलीकडे ओढलं जातं आणि थर सुटतो. कोलोडियनला अल्कोहोल लागलं तर व्हार्निश विरघळतं. आणखी एक गोष्ट: काचेवर लाल किंवा काळा रंग फासलेला दिसला तर तो डाग नसतो. आकाश पांढरं छापलं जावं म्हणून फोटोग्राफरनं तो स्वतः लावलेला असतो. चेहऱ्यांवर पेन्सिलीच्या बारीक रेघाही असतात, तेही त्याचंच रिटचिंग. पुसलंत तर त्याचं काम पुसलंत.

साठवणीला चार पाकळ्यांचं कागदी पाकीट. प्लेट मध्ये ठेवून चारी बाजू दुमडायच्या, म्हणजे आत-बाहेर सरकवावी लागत नाही आणि खरवडली जात नाही. कागद आयएसओ १८९१६ ची फोटोग्राफिक अॅक्टिव्हिटी टेस्ट उत्तीर्ण झालेला हवा. नुसतं 'अॅसिड फ्री' लिहिलेलं पुरत नाही. नंबर पाकिटावर पेन्सिलीनं, प्लेट आत घालण्याआधी. प्लेटा खोक्यात लांब बाजूवर उभ्या, दर पाचाला एक जाड पुठ्ठा, उरलेली जागा भरून काढायची म्हणजे हलणार नाहीत. साडेसहा बाय साडेआठ इंची फुल प्लेट, काच दीड मिलिमीटर धरली तर १३० ते १३५ ग्रॅम भरते. २५ प्लेटांचा खोका साडेतीन किलोच्या आसपास. शंभर एका खोक्यात भरल्यात तर तळ सुटेल.

फुटलेल्या प्लेटा मात्र आडव्या. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र खाच कापलेला पुठ्ठा, तुकडे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. सेलोटेप कुठेही नको.

शिकाऊ
हे सगळं वाचून प्रश्न पडला. चांगलं स्कॅन करून घेतलं तर मूळ काचा एवढ्या जपायची गरज उरते का? जागा फार खातात.

दप्तरी
उरते. स्कॅन ही त्या वेळच्या यंत्राची आणि ते चालवणाऱ्याची मर्यादा असलेली नकल आहे. प्लेटच्या दाट भागात जे तपशील असतात ते साध्या स्कॅनरला दिसतच नाहीत. शिवाय कडेवर खरवडलेला नंबर, रंग फासलेलं आकाश, काचेची जात हे कालनिश्चितीचे पुरावे आहेत. 'स्कॅन झालं, आता टाका' असं म्हणणाऱ्या संस्थेकडे संग्रह देऊ नका.

जागेचंच म्हणाल, तर फुल प्लेट पाकिटासकट दोन-अडीच मिलिमीटर जाडीची. हजार प्लेटा म्हणजे, खोकी नि मधले पुठ्ठे सोडून, जेमतेम अडीच मीटर फडताळ. फक्त ते फडताळ वजन पेलणारं हवं.

रीळबाज
काचेवर सगळे प्रेमानं बोलतात, पण धोका फिल्ममध्ये आहे. १९५१ पर्यंतच्या फिल्म असलेला कुठलाही संग्रह उघडताना आधी एक गोष्ट तपासा: नायट्रेट, म्हणजे झटकन पेटणारी जुनी सेल्युलोज नायट्रेट फिल्म, आहे का.

कोडॅकनं नायट्रेट बंद केल्याची वर्षं प्रकारानुसार वेगळी आहेत. ३५ मिमीच्या स्थिरचित्रणाच्या फिल्मसाठी १९३८, स्टुडिओतल्या शीट फिल्मसाठी (सुट्या पानांची फिल्म) १९३९, फिल्मपॅकसाठी १९४९, मोठ्या रोल फिल्मसाठी १९५०, सिनेमाच्या ३५ मिमीसाठी १९५१. इतर कंपन्यांची वर्षं पुढेमागे. कडेवर 'सेफ्टी' (म्हणजे सहज न पेटणारी) छापलेलं असेल तर सहसा प्रश्न मिटला, पण नकल केलेल्या फिल्ममध्ये मूळ फिल्मची अक्षरंही उतरलेली असू शकतात, तेव्हा अक्षरं काळी (बहुधा त्याच फिल्मची) की पारदर्शक (बहुधा उतरलेली) तेही पाहा. कोडॅकच्या १९४९ आधीच्या शीट फिल्मला कोपऱ्यात खाचा असतात. कडेकडून पहिली खाच इंग्रजी व्ही आकाराची असेल तर नायट्रेट, यू आकाराची असेल तर अॅसिटेट, म्हणजे सेफ्टी फिल्म. एकमेकांना काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझिंग फिल्टरांमध्ये धरल्यावर इंद्रधनुषी रंग दिसले तर पॉलिएस्टर, म्हणजे बिनघोर. तुकडा जाळून पाहण्याची चाचणी जुन्या पुस्तकांत दिलेली आहे. घरात करू नका.

नायट्रेट बिघडताना आधी पिवळट-तपकिरी होतं, प्रतिमा फिकट होते, मग चिकट, मग एकमेकांत मिसळून गठ्ठा, शेवटी तपकिरी भुकटी. वास उग्र, नाकाला झोंबणारा. त्यातून निघणारा वायू शेजारच्या चांगल्या फिल्म आणि कागदही खातो. आग लागली तर त्याला बाहेरच्या ऑक्सिजनची गरज नसते, म्हणून पाण्याखालीही जळत राहतं. खूप बिघडलेला, बंद डब्यात दाटीनं भरलेला माल ४१ अंश सेल्सियसच्या आसपास दीर्घकाळ राहिला तर आपोआप पेट घेऊ शकतो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर हे तापमान सहज गाठलं जातं. तेव्हा नायट्रेट दिसताच हवाबंद डब्यातून बाहेर, थंड, हवेशीर जागी, बाकी संग्रहापासून वेगळं. चिकट किंवा भुकटी झालेल्याला हात न लावता अग्निशमन दलाला विचारा. कचऱ्यात टाकू नका.

अॅसिटेट सहजासहजी पेटत नाही, पण त्याचा व्हिनेगर होतो. वास तोच, उघडल्याबरोबर कळतो. पाया आकसतो, वरचं जिलेटिन आकसत नाही, म्हणून प्रतिमेवर नागमोडी सुरकुत्या उठतात. एकदा सुरू झालं की बाहेर पडणारं आम्लच पुढची झीज वेगानं करतं. मोजायला ए-डी पट्ट्या (आम्लाच्या वाफेनं रंग बदलणाऱ्या) मिळतात. पट्टी फिल्मसोबत बंद पिशवीत २४ तास ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवट झाली तर सुरुवात, पिवळी झाली तर घाई. मोजपट्टीवर १.५ ही वेग धरण्याची पातळी, तिथे पोचलेल्या फिल्म स्कॅनिंगच्या रांगेत पहिल्या. २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या अॅसिटेटला हे व्हायला ४०-५० वर्षं लागतात, म्हणजे १९६० च्या दशकातल्या फिल्मची मुदत संपून गेली आहे.

शिकाऊ
मग फ्रीजरमध्ये ठेवायच्या का? आणि काचाही?

रीळबाज
फिल्म हो, काचा नको. काच आणि जिलेटिन थंडीत सारखं आकसत नाहीत. काचेला थंड, कोरडी आणि न बदलणारी हवा पुरते. आर्द्रता ३० ते ४० टक्के. त्याखाली गेलात तर थर कडांपासून उचलला जातो.

फिल्मसाठी आपोआप बर्फ वितळणारा फ्रीजर, उणे १८ अंश. पाकिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोका जाड झिप पिशवीत, आत आर्द्रता दाखवणारं कार्ड, हवा काढून बंद, मग दुसरी पिशवी. दोन पिशव्यांमध्ये आणखी एक कार्ड, म्हणजे पिशवी फुटली तर बाहेरून दिसतं. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. जे पुन्हा पुन्हा लागणार ते फ्रीजरमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आधी स्कॅन.

काचघर
दमट हवेच्या प्रदेशांसाठी एक भर. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. बुरशी दिसली की ओलं कापड लावायची पहिली ऊर्मी येते आणि त्या फटकाऱ्यात प्रतिमाच निघून येते. बुरशीचा माल वेगळ्या खोलीत, एन-९५ मुखपट्टी, सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) सान्निध्यात दोन-तीन दिवस वाळवून मग कोरड्या ब्रशनं, व्हॅक्यूमच्या तोंडाशी झाडायचा. सिलिका जेल थेट टेकवू नका. कसर जिलेटिन आणि खळ दोन्ही खाते, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो जमिनीलगत नकोत. पीव्हीसीच्या पिशव्या आणि पातळ चकचकीत ग्लासीन कागद या दोन्ही गोष्टी घरात येऊच देऊ नका.

उभाकॅमेरा
आता स्कॅनिंग. माझं मत स्पष्ट आहे: काचेसाठी फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरपेक्षा खालून उजेड देणारी पेटी आणि वर उभा बसवलेला कॅमेरा चांगला. प्लेट काचेवर दाबली जात नाही, दर तासाला तिप्पट-चौपट काम होतं आणि वाकलेली, फुटलेली प्लेटही घेता येते.

लागतं ते असं. हलणार नाही असा कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा), १:१ पर्यंत जाणारी मॅक्रो लेन्स, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वर असलेलं लाइट पॅनेल. पॅनेल आणि प्लेट यांत तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा म्हणजे पॅनेलचे ठिपके आणि धूळ फोकसबाहेर जाते. प्लेटच्या चारी बाजूंनी काळ्या पुठ्ठ्याची चौकट, नाहीतर बाजूचा उजेड लेन्समध्ये शिरून दाट भाग धुऊन टाकतो. कॅमेरा समांतर आहे का हे प्लेटच्या जागी आरसा ठेवून पाहा: लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं पाहिजे. लेन्सचं छिद्र एफ ८, सर्वांत कमी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल, इलेक्ट्रॉनिक शटर.

४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा फुल प्लेटला, कडेची थोडी जागा सोडून, इंचाला ८०० पिक्सेल देतो. चेहरे आणि इमारतींना पुरे. पण बाजाराच्या दृश्यात दुकानाच्या पाट्या वाचायच्या असतील तर चार भागांत, ३० टक्के एकमेकांवर येतील असे घेऊन जोडा. पाट्यांवरूनच पुढे वर्ष काढायचं असतं, तेव्हा इथे कंजूषपणा नको.

फ्लॅटबेड
उभाकॅमेरा, तुमचं गणित हात बसलेल्या माणसासाठी आहे. स्टँड, समांतरता, चौकट, रॉ प्रक्रिया यांत नवखा माणूस शंभर प्लेटांमागे पंधरा बिघडवतो. पारदर्शक माध्यमाची सोय असलेला आठ बाय दहा इंची फ्लॅटबेड स्वयंसेवकाला अर्ध्या दिवसात शिकवता येतो. काम मंद असेल, पण पहिली प्लेट आणि दोन हजारावी प्लेट सारखी निघते.

सेटिंग एवढीच: १६ बिट ग्रेस्केल, टिफ फाइल, शार्पनिंग बंद, आपोआप काँट्रास्ट बंद, धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद. ती सोय चांदीच्या प्रतिमेलाच धूळ समजते आणि काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हची वाट लावते. थर वरच्या बाजूला ठेवा, खाली काचेला लागू देऊ नका, आणि कडांखाली पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्या म्हणजे न्यूटनची वर्तुळं (दोन काचा टेकल्या की उठणारी कडी) येत नाहीत. उंची बदलली की फोकस बदलतो, म्हणून अर्धा, एक, दीड मिलिमीटर अशा पट्ट्या लावून एकच प्लेट तीनदा स्कॅन करा आणि सर्वांत टोकदार आली ती उंची कायम करा.

फुल प्लेट १,२०० पीपीआयला (इंचाला पिक्सेल) ७,८०० बाय १०,२०० पिक्सेल, फाइल साधारण १६० एमबी. दोन हजार प्लेटा ३२० जीबी. तीन प्रती धरून एक टेराबाइट. हल्ली ही काही मोठी गोष्ट नाही.

उभाकॅमेरा
मान्य, मनुष्यबळ बदलत असेल तर फ्लॅटबेड. फक्त फुटलेल्या प्लेटा त्यावर घालू नका.

दोघांनाही लागू असलेली गोष्ट: मूळ फाइल निगेटिव्हच राहू द्या, काळं-पांढरं उलटवायचं ते प्रतीत. आणि कडा कापू नका. चारी बाजूंना दोन मिलिमीटर मोकळी जागा सुटली पाहिजे, कारण नंबर, खाचा, कंपनीचं नाव सगळं कडेवर असतं.

जुन्या प्लेटांचा काँट्रास्ट पाहून घाबरू नका. उन्हात छापायच्या कागदासाठी त्या मुद्दाम तशा दाट केलेल्या असायच्या. न्यू ऑर्लिन्सचा जुना फोटोग्राफर बेलॉक याच्या प्लेटा पुढच्या पिढीतला फोटोग्राफर ली फ्रीडलँडर याच्या हाती आल्या तेव्हा आजच्या कागदावर त्या नीट उतरेनात, शेवटी त्यानं तसलाच उन्हात छापायचा कागद वापरला. आपल्याला दोन एक्स्पोजर घेऊन जोडावे लागतात, एक सावल्यांसाठी, एक आकाशासाठी.

दप्तरी
नंबर कसा वाचायचा हे सांगायचं राहिलं. साध्या निगेटिव्हमध्ये थराची मंद, चमक नसलेली बाजू आपल्याकडे असेल तर दृश्य डावं-उजवं उलटं दिसतं. छापल्यावर सरळ यावा म्हणून फोटोग्राफर थरावर नंबर उलटा, आरशातल्यासारखा लिहायचा. सुईनं खरवडला तर त्या जागची चांदी जाते, तिथून उजेड आरपार जातो आणि छापात नंबर काळा येतो. शाईनं लिहिला तर उजेड अडतो आणि छापात पांढरा येतो. जुन्या पोस्टकार्डांवरची पांढरी ओळ बहुधा शाईची. तिरपा उजेड टाकून भिंगातून पाहिलं तर खरवडलेल्या खाचेची कडा चमकते आणि अर्धवट पुसलेला आकडाही लागतो. उलट्या लिहिताना २ आणि ५ यांची गल्लत फोटोग्राफरचीही व्हायची, म्हणून रजिस्टराशी ताडून पाहा.

आणि मोठा नंबर म्हणजे नंतरचा फोटो असं धरू नका. आत्जे विषयानुसार वेगवेगळ्या मालिकांत नंबर घालायचा. शहराची दृश्यं, व्यक्तिचित्रं आणि नकला यांच्या वेगळ्या वह्या ठेवणारे स्टुडिओ तर सर्रास असत.

फाइलीच्या नावात वर्णन नको. संग्रहाची तीन अक्षरी खूण, खोका, प्लेट, एवढंच, रोमन अक्षरं नि अंकांत, मध्ये अंडरस्कोर. 'जुना पूल १९३५' असं नाव दिलंत आणि उद्या तो १९४१ चा निघाला तर सगळे संदर्भ बिघडतात. वर्णन तक्त्यात: नवा नंबर, फोटोग्राफरचा नंबर, पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा (चुकांसह), आकार, प्रकार, स्थिती, आपला अंदाज, अंदाजाचा आधार. पाकिटावरचा मजकूर आणि आपला अंदाज यांचे रकाने वेगळेच हवेत. पुढच्या माणसाला कोण काय म्हणालं हे कळलं पाहिजे. प्रत्येक फाइलीचा चेकसम (फाइल बदलली तर बदलणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत.

सावलीमाप
वर्ष काढण्याबद्दल. एका पुराव्यावर तारीख ठरवू नका. 'याच्या आधीचा नाही' आणि 'याच्या नंतरचा नाही' अशा दोन हद्दी ठरवायच्या आणि त्या जवळ आणत जायच्या.

खांब उत्तम. गॅसचा दिवा, मग विजेचा, मग ट्रामची वरची तार, या प्रत्येकाच्या वर्षांची नोंद पालिकेच्या अहवालात असते. इमारतीला मजला चढला, कमान पाडली, कोनशिला बसली, हे त्याच दप्तरात. सिनेमाचं पोस्टर दिसलं तर वर्तमानपत्रातली जाहिरात काढा, आठवडाही हाती लागतो. गाडीचा नंबर, घड्याळ, पाटीवरचा दुकानाचा जुना-नवा मालक. कपड्यांवर विसंबू नका, लग्नाचा कोट दोन पिढ्या चालतो.

सावली वेळ सांगते. खांबाची उंची आणि सपाट जमिनीवरची सावली सारखी असेल तर सूर्य ४५ अंशांवर. सावलीची दिशा रस्त्याच्या दिशेवरून काढा, अक्षांश माहीत आहेच. मग सूर्याची जागा दाखवणाऱ्या कुठल्याही तक्त्यात वर्षातल्या दोन तारखा मिळतात, एक उत्तरायणातली, एक दक्षिणायनातली. झाडाला पानं आहेत का, रस्ता ओला आहे का, यावरून त्यातली एक निवडायची. वर्ष यातून कळत नाही. हे सांगावं लागतं, कारण लोक सावलीवरून १९२८ वगैरे काढून मोकळे होतात.

आणि आधी फोटो उलटा छापलेला नाही ना ते बघा. पाटी नसेल तर शर्टाची बटणं, घड्याळाचे काटे, वाहनाच्या सुकाणूची बाजू.

वकिलीचष्मा
निगेटिव्ह तुमच्या मालकीची झाली म्हणजे फोटोचा हक्क तुमचा झाला, असं नाही. काच ही वस्तू, कॉपीराइट हा वेगळा हक्क. शिकागोची फोटोग्राफर व्हिव्हियन मेयर हिचं उदाहरण सगळ्यांनी वाचावं. भाडं थकलेल्या गोदामातल्या तिच्या निगेटिव्ह २००७ मध्ये लिलावात विकल्या गेल्या, ती २००९ मध्ये वारली, फोटो जगभर गाजले आणि मग हक्क कुणाचा यावरून वाद उभा राहिला. २०१४ मध्ये तिथल्या परगण्याच्या प्रशासनानं तिच्या मिळकतीचं प्रकरण हाती घेतलं, २०१६ मध्ये तडजोड झाली. ज्यानं प्लेटा विकत घेतल्या त्याच्याकडे वस्तू होती, निर्वेध हक्क नव्हता.

म्हणून वारसांकडून माल घेताना एकाच कागदात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: वस्तूंची मालकी कुणाकडे, कॉपीराइट दिला की नुसता वापराचा परवाना, आणि विक्रीला परवानगी आहे का. सगळ्या वारसांच्या सह्या. एका भावाची सही पुरत नाही, इथेच पुढे अडतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क काही देशांत गिऱ्हाइकाकडे जातो, काही ठिकाणी नोकरीतल्या फोटोग्राफरचा हक्क मालकाकडे. मुदतही कुठे मृत्यूपासून मोजतात, कुठे जुन्या फोटोंना काढल्यापासून. आपल्या देशाचा त्या काळचा कायदा पाहा, आजचा पाहून भागत नाही.

हक्काचा प्रश्न मिटला असेल तर रस्ते, इमारती, उत्सव बिनधास्त ऑनलाइन टाका. स्टुडिओतली व्यक्तिचित्रं, विशेषतः दवाखाना, पोलीस, मृतदेह यांचे फोटो नावासकट टाकण्याआधी थांबा.

शिकाऊ
शेवटचा प्रश्न. चौकटीतला फोटो समोरच्या काचेला चिकटून बसला आहे. काढायचा कसा?

काचघर
काढू नका. पात्यानं सोडवायला जाल तर जिलेटिन काचेवर राहील आणि कागद हातात येईल. चौकट आणि मागचा पुठ्ठा काढा, काच-फोटो तसेच एकत्र ठेवा आणि काचेतून, दोन बाजूंनी ४५ अंशांत उजेड टाकून फोटो घ्या. चिकटलेला भाग गडद आणि न चिकटलेला फिकट दिसेल, तो लेन्सवर आणि दिव्यांवर पोलरायझर लावून बराच कमी होतो. पाण्यात भिजवून सुटतात असं कुणी सांगेल. काही सुटतात, काहींचा थर विरघळतो, आणि आपला कुठला हे आधी कळत नाही. एकच प्रत असेल तर तो निर्णय संवर्धकावर सोडा.

दप्तरी
आणि त्याच फोटोचा नंबर मागच्या पुठ्ठ्यावर असेल. पुठ्ठा टाकून देण्याआधी पाहा.